बिबट्याचे प्रारब्ध

भायखळ्याच्या राणीबागेचे दप्तरी नाव आज ‘वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान’ असे असले, तरी ज्यांचे बालपण मुंबईत गेले त्यांच्या जिभेवरून जुने नाव काही केल्या उतरत नाही. आणि वडिलांच्या खांद्यावर बसून जे एके काळी तिथे गेले, ते आजोबा झाले की नातवंडाला घेऊन पुन्हा तिथेच जातात, हा या शहराचा अलिखित शिरस्ता आहे. त्या शिरस्त्यास अनुसरून गेल्या माघातल्या एका रविवारी आम्ही निघालो : मी, मुलगा, सून, दोन वर्षे पुरी होऊन वर दोन महिने झालेली त्यांची कन्या, आणि माझी थोरली बहीण आक्का. आक्काने चौऱ्याहत्तरी गाठली आहे. गुडघ्यांची सबब सांगून ती प्रथम घरी राहणार होती. परंतु नातीचे पहिले व्याघ्रदर्शन आपल्या अपरोक्ष व्हावे हे तिला रुचेना, म्हणून पिशवीत पाण्याची बाटली, चार दशम्या आणि बिस्किटांचा पुडा घालून ती सर्वांच्या आधी चपला घालून दारात उभी राहिली.

ही बाग 1862 साली लोकांस खुली झाली, ती वृक्षवेलींची बाग म्हणून. प्राण्यांचा मुक्काम तिथे मागाहून पडला. आजही जाणकार माणूस तिथे जातो तो गोरखचिंचेचा अवाढव्य बुंधा पाहावयास किंवा कैलासपतीच्या खोडावर लगडलेली फुले हुंगावयास, आणि माझ्या मते तोच खरा शहाणा. परंतु दोन वर्षांच्या मुलीस बुंध्याचे काय? तिला हत्ती हवा होता, आणि तो तिला प्रारंभीच, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात भेटला. हा हत्ती पाषाणाचा आहे. घारापुरीच्या ज्या हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाचे नाव एलेफंटा ठेवले, तोच हा. 1864 साली त्यास विलायतेस नेण्याची तजवीज झाली, उचलताना यारीने दगा दिला, हत्ती कोसळून त्याचे तुकडे झाले, आणि पुढे अर्धशतकाने, 1914 साली, ते तुकडे सांधून त्याला पुन्हा उभे करण्यात आले. सांधे आजही दिसतात. नातीने ते पाहिले आणि आपल्या गुडघ्यावरच्या खपलीकडे बोट दाखवून ती म्हणाली, “बाऊ.” हत्तीच्या चरित्राचा इतका संक्षिप्त आणि बिनचूक गोषवारा मी तरी अन्यत्र वाचलेला नाही.

वाघाच्या काचेपुढे गर्दी होती. 2020 साली तत्कालीन औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून इथे वाघांची जोडी आणली गेली, तेव्हापासून रविवारी त्या जागी माणसांची जत्राच भरते. आम्ही गेलो तेव्हा वाघ लोकांकडे पाठ करून पहुडला होता आणि शेपटीच्या टोकाने माशा वारण्यापलीकडे त्याचे काही चालले नव्हते. नात म्हणाली, “माऊ.” शेजारच्या एका गृहस्थांनी हसून तिची चूक दुरुस्त केली, पण चूक कसली? प्राणिशास्त्रही व्याघ्रास मार्जारकुलातच घालते, आणि आपण ती वर्गवारी शाळेत घोकून शिकतो एवढाच फरक. तिने हातातले अर्धे खाल्लेले बिस्कीट काचेवर दाबले आणि फर्मावले, “घे.” बिस्किटाचा ओला डाग आणि त्याभोवती पाच बोटे काचेवर उमटली. वर ‘प्राण्यांना खाद्यपदार्थ देऊ नयेत’ अशी पाटी होती. तिथल्या राखणदाराने खांद्यावरचे फडके काढून तो डाग पुसला, एक शब्दही बोलला नाही, आणि पुढच्या मुलाच्या डागाची वाट पाहत उभा राहिला.

ज्या प्रसंगासाठी मी हे लिहावयास बसलो तो पुढे, बिबट्यापाशी घडला.

बिबट्या निजला नव्हता. तो येरझारा घालीत होता. एका ओंडक्यापासून निघायचे, अकरा पावले जायचे, भिंतीलगतच्या एका दगडाला डावा खांदा घासून वळायचे, आणि त्याच अकरा पावलांनी परतायचे. मी मोजीत राहिलो आणि संख्या एकदाही बदलली नाही. ज्या वाटेने तो फिरत होता त्या वाटेवर गवताची काडी उरली नव्हती, आणि तो दगड, आमच्या जुन्या घराचा उंबरठा पायांनी जसा झाला होता तसा, एका बाजूने गुळगुळीत व तेलकट झाला होता. त्याचे डोळे उघडे होते, पण ते आमच्याकडे पाहत नव्हते, दगडाकडेही नव्हे. आक्का कठड्याला धरून बराच वेळ उभी राहिली आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “मागल्या जन्मीचं भोगतोय बिचारा. दुसरं काय!”

त्याच वेळी नातीला एक निराळाच प्रश्न पडला होता. अलीकडे तिला ‘दार’ हा शब्द सापडला आहे, आणि बंद दार हे तिच्या आयुष्यातील सर्वांत मोठे गाऱ्हाणे आहे; न्हाणीघराचे असो की कपाटाचे, ते उघडेपर्यंत ती तळहातांनी बडवीत राहते. ती काचेवर हात आपटीत “दाल, दाल” म्हणू लागली. सुनेने तिला उचलून घेतले आणि म्हणाली, “काका उघडतील हं मग.” मुलांची समजूत घालताना असे म्हणावेच लागते, यात तिचा दोष नाही, तरी या घरातल्या एका जिवाशी बोललेले ते पहिले असत्य असावे, अशी मला टोचणी लागली.

आता, आक्काचे वाक्य हे अडाण्याचे वाक्य नव्हे. ती चातुर्मासात एकनाथी भागवत नेमाने वाचते, आणि तिने जे उच्चारले त्यामागे आपल्या परंपरेचा एक सुस्पष्ट सिद्धांत उभा आहे. मनुष्यजन्म ही कर्मयोनी, पशुपक्ष्यांचे जन्म ही भोगयोनी. मनुष्य बरेवाईट नवे कर्म जोडतो. पशू केवळ जुने फेडतो. बिबट्याने शेळी मारली तरी त्याच्या खात्यावर पाप चढत नाही, कारण ते खाते नव्या नोंदीपुरते बंद आहे. तिथे फक्त वसुली चालते. सतराव्या शतकात देकार्तने पशूंना यंत्रवत ठरविले आणि एका वाक्यात त्यांच्या दुःखाचा निकाल लावला. आपल्याकडे तशी सोय नव्हती. मुंगीपासून गजापर्यंत आत्मा एकच, असे आपण आधीच कबूल करून बसलो होतो, आणि कबुलीजबाब दिलेल्या माणसाची पंचाईत ही असते की पुढल्या प्रत्येक प्रश्नाला त्याला उत्तर द्यावे लागते. जर आत असलेला तो आणि बाहेर असलेला मी एकाच जातीचे, तर तो आत का आणि मी बाहेर का? या प्रश्नाला आक्काने दिलेले उत्तर हेच एक तयार उत्तर होते.

परंतु परतीच्या वाटेवर, आणि त्यानंतर कित्येक दिवस, माझे त्या उत्तराने समाधान होईना. समजा, बिबट्याच्या मागल्या जन्माचे काही देणे आहे. समजा, चित्रगुप्ताच्या दप्तरात त्याची रक्कम पैसाअडक्यासह मांडलेली आहे. तरी ती वसूल करण्याची सनद मला कोणी दिली? नातीच्या हौसेखातर तिकीट काढून कठड्याशी उभा राहिलेला मी कोणाच्या वतीने तिथे हजर होतो? प्रारब्धाचा असा अर्थ लावावयाचा तर वाटमाऱ्यानेही म्हणावे की, मी याला लुटले नाही, याच्या पूर्वसंचिताची पावती तेवढी पोचती केली. आणि मग कोणत्याही फौजदारास हातकडी काढण्याचे कारण उरणार नाही. फळ त्याचे असेल. पण ते फळ त्याच्या ओंजळीत टाकणारा हात हा कर्मयोनीतलाच असतो, आणि त्या हाताचे कर्म ताजे, नवे, चालू तारखेचे असते.

या बाबतीत आपल्याच ग्रंथांनी सांगितलेली एक कथा आपण सोयिस्करपणे विसरतो. महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा आहे. ऋषी मौन धरून आश्रमाच्या दाराशी उभे असताना चोर येऊन चोरीचा ऐवज आत लपवितात, राजाचे शिपाई मागोमाग येतात, मौनी ऋषी काही बोलत नाहीत, आणि चोरांबरोबर त्यांनाही सुळावर चढविले जाते. ते मरत नाहीत. रात्री इतर ऋषी पक्ष्यांची रूपे घेऊन येतात आणि विचारतात, आपण असे काय केले म्हणून हे भोगावे लागले? पुढे राजाला कळते. सूळ उपटून निघत नाही, म्हणून कापावा लागतो, आणि त्याचा तुकडा देहात वागवीतच मांडव्य फिरत राहतात. अखेर ते धर्मराजाच्या सभेत जाऊन जाब विचारतात. उत्तर मिळते की, लहानपणी तुम्ही एका कीटकाच्या पुच्छात गवताची काडी खुपसली होती, त्याचे हे फळ.

इथवर कथा आक्काच्या बाजूची आहे असे वाटेल. किड्याच्या देहात खुपसलेली काडी ऋषीच्या देहात सूळ होऊन परतली. हिशोब चोख मिटला. (आम्हीही पावसाळ्याच्या सरतीस चतुरांच्या शेपट्यांना दोरे बांधून ते उडवीत असू, तेव्हा ही कथा वाचताना माझ्या पाठीचा कणा नेहमी किंचित ताठ होतो.) पण कथा तिथे थांबत नाही. मांडव्य म्हणतात, अपराध अल्प, दंड महान, आणि अपराध केला तो अजाण बालकाने. हा न्याय नव्हे. आणि ते प्रत्यक्ष धर्मालाच शाप देतात की तू शूद्रयोनीत जन्म घेशील. तो विदुर. शिवाय ते मर्यादा घालून देतात की चौदाव्या वर्षापर्यंत केलेल्या कृत्याचे पातक लागणार नाही. न्यायाधीश आरोपीच्या पिंजऱ्यात जातो, कायद्यात दुरुस्ती होते, आणि हे सर्व कर्मसिद्धांतावर श्रद्धा ठेवणाऱ्या ग्रंथातच घडते. ज्यांना वाटते की कर्माचा हिशोब कुणी तपासू नये, त्यांनी मांडव्याकडे पाहावे. तपासनिसाचा मान त्याचा आहे.

मला मात्र धर्मापेक्षाही त्या राजाचे वर्तन अधिक विचार करावयास लावते. कथेचा निवाडा पाहता ऋषींचे दुःख त्यांच्या स्वतःच्या जुन्या कृत्यातून आलेले होते; राजा निमित्तमात्र होता. धूर्त राजा असता तर त्याने तसे सांगून अंग काढून घेतले असते. या राजाने काय केले? तो सुळाखाली आला, अज्ञानाने माझ्याकडून अपराध घडला म्हणाला, आणि त्याने क्षमा मागितली. प्रारब्धाचे नावही त्याच्या तोंडून निघाले नाही. ‘मी काय केले होते?’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकार सुळावर असणाऱ्या मांडव्यांचा होता. सूळ रोवणाऱ्याच्या वाट्याला दुसरा प्रश्न होता, आणि त्याने तो ओळखला. मला वाटते, कर्मसिद्धांत हा प्रथमपुरुषी सिद्धांत आहे. स्वतःच्या दुःखास लावला तर त्यातून धीर निपजतो. परक्याच्या दुःखास लावला की तोच निबरपणा होतो. एकच औषध पोटात घ्यावयाचे आणि डोळ्यात घालावयाचे नाही, असे वैद्य बजावून सांगतात, तशातलाच हा प्रकार.

पेंग्विनांच्या कक्षात आम्ही गेलो ते शेवटी. 2016 साली दक्षिण कोरियातून हे आठ पक्षी आणले गेले आणि पुढल्या वर्षी लोकांस पाहावयास मिळू लागले. पेंग्विन म्हटला की बर्फ, असा आपला समज. पण हे हम्बोल्ट जातीचे, पेरू व चिली देशांच्या किनाऱ्यावरचे, थंड सागरी प्रवाहावर जगणारे, बर्फाशी यांचा संबंध नाही. तरी मुंबईच्या उकाड्यात त्यांना यंत्राच्या थंडीतच ठेवावे लागते. आत अंधारले होते, गारवा होता, आणि मुले ओरडत होती. आल्या वर्षीच त्यांतला एक पक्षी दगावला. मग 2018 च्या पंधरा ऑगस्टला एका अंड्यातून पिल्लू बाहेर आले. भारतात जन्मलेले पहिले पेंग्विन म्हणून त्याचे कौतुक झाले, स्वातंत्र्यदिनी जन्मले म्हणून अधिकच झाले, आणि आठवड्याभरात ते मेले. मुलाने ही हकीकत सांगितली तेव्हा आक्का म्हणाली, “सुटलं.” मी विचारले, “आक्का, आठ दिवसांच्या जिवानं कसलं फेडलं असेल?” ती काही बोलली नाही. मांडव्याची मर्यादा पशूंना लागू होते की नाही हे मी तिला विचारणार होतो, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबलो.

थांबलो ते बरे केले. आक्काला वैधव्य आले तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. तेराव्याला जमलेल्या बायकांनी, आणि काही पुरुषांनीही, तिला हेच वाक्य ऐकविले होते : मागल्या जन्मीचं भोगतेस बाई, दुसरं काय. मी त्या वेळी ओसरीवर पाने मांडीत होतो आणि मला ते ऐकू आले होते. तेव्हापासून आजवर, अठ्ठेचाळीस वर्षे, तिने शाळेत नोकरी केली, आईचे दुखणे काढले, माझ्या मुलाला वाढविले, आणि ते वाक्य मांडव्याच्या सुळाच्या तुकड्यासारखे आपल्या देहात वागविले. बिबट्यापुढे उभी राहून तिने ते उच्चारले तेव्हा मी त्यात एक सिद्धांत ऐकला. कदाचित तिने केवळ आपली ओळख सांगितली असेल. निबरपणाचा आरोप मी तिच्यावर मनातल्या मनात ठेवला होता, तो मी इथे बिनशर्त मागे घेतो. तिचा शब्दही प्रथमपुरुषीच होता. ‘मी’ म्हणण्याऐवजी ती ‘बिचारा’ म्हणाली इतकेच.

यावर कुणी विचारील की, मग तुमचे म्हणणे काय, दारे उघडावी? तसे मी म्हणत नाही. या बागेतले कितीतरी जीव असे आहेत की त्यांच्या आयांनीही अरण्य पाहिलेले नाही. त्यांना मोकळे सोडणे म्हणजे त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर सही करणे होय. 1992 सालापासून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आहे, जागा किती असावी, खंदक कसा असावा, वैद्य कोण असावा यांचे नियम आहेत, आणि माझ्या लहानपणचे ते गंजक्या गजांचे अरुंद पिंजरे पाहिलेला माणूस सुधारणा झाली नाही असे म्हणणार नाही. एक आठवण मात्र याच शहराच्या जुन्या इतिहासातून द्यावीशी वाटते. 1832 साली मुंबईत मोकाट कुत्री मारण्याच्या हुकुमावरून पारशी, जैन आणि हिंदू यांनी दंगा केला, आणि दोनच वर्षांनी भुलेश्वरी पांजरपोळ उभा राहिला. जमशेटजी जिजीभाई यांचा त्यात मोठा वाटा होता. पांजर म्हणजे पिंजराच. म्हणजे या शहराने राणीबागेच्या आधी अठ्ठावीस वर्षे एक पिंजरा बांधला होता, आणि त्यात लंगडी गाय, म्हातारा बैल, कुणासही पाहावयास नको असलेले जीव ठेवले होते. तिथे तिकीट लावले असते तर एकही माणूस आला नसता. त्या पिंजऱ्यात आणि या पिंजऱ्यात गजांचा फरक नाही. कोणासाठी बांधला, एवढाच फरक आहे, आणि माझ्या दृष्टीने तो पुरेसा मोठा आहे.

एकनाथी भागवत हे ज्या अकराव्या स्कंधावरचे भाष्य, त्यात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. अजगर, हत्ती, हरिण, मासा, भ्रमर अशी ती यादी चालते, आणि त्या यादीत एक बालकही आहे. आक्काला ती तोंडपाठ आहे. घरी आल्यावर मी तिला म्हटले की, अवधूताचे गुरू सगळे मोकळे होते; त्याने कोंडलेल्याकडून काही शिकल्याची नोंद नाही. ती म्हणाली, “कबुतर होतं की. पिल्लांसाठी जाळ्यात शिरलं ते.” मी निरुत्तर झालो. नात तोवर जेवून, आजीच्या मांडीवर, मुठीत बिस्कीट धरून झोपली होती, आणि दिवसभरात पाहिलेल्यांपैकी तिला काय आठवणार आहे हे विचारण्यात अर्थ नव्हता.

एक सांगावयाचे राहिले. बाहेर पडताना आक्का फाटकापाशी थांबली आणि तिथल्या पहारेकऱ्याला तिने विचारले, “या जनावरांना सुटी कधी असते हो?” त्याने प्रश्न चुकीचा ऐकला असे वाटून प्रथम बागेच्या वेळा सांगितल्या, मग समजून म्हणाला, “बुधवारी, आजी. बुधवारी कुणाला आत सोडत नाही.” आक्काने मान हलविली आणि टॅक्सीचे काही पाहा म्हणून मुलास सांगितले. पुढे मी चौकशी केली तेव्हा कळले की बुधवारी सार्वजनिक सुटी आली तर महापालिका त्या दिवशी बाग उघडी ठेवते आणि दुसऱ्या दिवशी बंद ठेवते. तेवढे मी आक्काला अजून सांगितलेले नाही.